न्यूरो आयसीयूत सेडेशन: पहिल्या नाइट ड्यूटीआधी वाचून ठेवा

दुसऱ्या आयसीयूत पेशंट व्हेंटिलेटरवर शांत झोपला की ड्यूटीवरच्यांना हायसं वाटतं. न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत मात्र त्याच शांत चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. डोक्यात रक्तस्राव वाढला, सूज आली किंवा मेंदूतलं पाणी तुंबलं, तर बहुतेक वेळा सगळ्यात आधी बदलते ती शुद्ध. रक्तदाब चढणं आणि नाडी मंदावणं ही लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. सेडेशन, म्हणजे औषधाने आणलेली गुंगी, झाकते ती नेमकी शुद्धीलाच. म्हणून इथे औषधाचा प्रत्येक मिलिलीटर कशासाठी चाललाय हे सांगता आलं पाहिजे, आणि त्या गुंगीच्या आडचा मेंदू कसा आहे हे कळत राहील अशी सोयही करून ठेवली पाहिजे. खालचं सगळं लिहिलंय ते नव्या रेसिडेंटसाठी आणि नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदर्ससाठी. डोस प्रौढांचे आहेत. ते तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलशी ताडून आणि सीनियरला विचारूनच वापरा.

पायरी १: पंप जोडण्याआधी तपासा

पहिला डोस जाण्याआधीची तपासणी पुन्हा कधीच मिळत नाही. अपघाताचा पेशंट ट्यूब टाकूनच आला असेल, तर ट्यूब टाकणाऱ्याला गाठा किंवा फोन करा आणि विचारा: औषध देण्याआधी डोळे उघडत होता का, कुठल्या हाताने काय करत होता, बाहुल्या कशा होत्या. ही दोन मिनिटं पुढचे चार दिवस उपयोगी पडतात.

लिहिताना नुसतं 'जीसीएस ८' लिहू नका (जीसीएस म्हणजे शुद्धी मोजायचे गुण). डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे गुण वेगवेगळे लिहा. ट्यूब असेल तर बोलण्याच्या जागी 'टी' लिहितात. खरा भार हालचालीच्या गुणावर असतो. दुखावल्यावर हात दुखण्याच्या जागी नेतो, नुसता मागे ओढतो की कोपरात विचित्र वाकवतो, यांतला फरक डोळ्यांनी बघून लिहा. चारही हातापायांची नोंद वेगवेगळी, बाहुल्यांचं माप मिलिमीटरमध्ये, आणि शेजारी वेळ.

पायरी २: सेडेशन कशासाठी, ते एका ओळीत लिहा

कारणं दोन जातींची असतात. पहिली जात कुठल्याही आयसीयूतली: ट्यूब सहन व्हावी, वेदना कमी व्हावी, भीती जावी, पेशंटने नळ्या उपटू नयेत. दुसरी जात फक्त मेंदूची: कवटीतला दाब म्हणजे आयसीपी आटोक्यात ठेवणं, न थांबणारे झटके थांबवणं, ताप उतरवून शरीर थंड ठेवताना येणारी थरथर रोखणं, आणि मेंदूच्या गंभीर इजेनंतर नाडी, दाब, घाम, ताप एकदम उसळतात ती वादळं शमवणं.

दुसऱ्या जातीमागचं गणित समजून घ्या. कवटी ही न ताणणारी पेटी आहे. तिच्यात साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के पाणी असतं. एकाची जागा वाढली की दुसऱ्याला सरकावं लागतं, आणि सरकायला जागा उरली नाही की दाब झपाट्याने चढतो. पेशंट खोकला, व्हेंटिलेटरशी झगडला की छातीतला दाब वाढतो, डोक्यातलं रक्त खाली उतरायला अडतं आणि आयसीपी वर जातो. शिवाय जागा, अस्वस्थ मेंदू जास्त ऑक्सिजन मागतो, त्यासाठी जास्त रक्त ओढतो आणि तेही जागा घेतं. सेडेशनने ही मागणी उतरते, रक्ताचं आकारमान घटतं आणि दाब उतरतो.

पण मेंदूला रक्त ढकलणारा दाब, सीपीपी, हा सरासरी रक्तदाबातून आयसीपी वजा करून येतो. डोक्याच्या गंभीर दुखापतीत आयसीपी २२ मिमी पाऱ्याच्या वर टिकला तर उपचार करायचे आणि सीपीपी ६० ते ७० मध्ये ठेवायचा, असं ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आता हे उदाहरण बघा. सरासरी दाब ९०, आयसीपी २४, म्हणजे सीपीपी ६६. घाईने प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाचा बोलस, म्हणजे एकदम दिलेला डोस, दिला. आयसीपी उतरून १८ झाला, सगळे खूश. पण सरासरी दाब घसरून ६५ वर आला. सीपीपी झाला ४७. एक आकडा सुधारला आणि मेंदू उपाशी राहिला. म्हणून बोलस देताना नजर दोन्ही आकड्यांवर हवी आणि रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रेनलिन हाताशी हवं.

आयसीपीचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) कानाच्या भोकाच्या पातळीला असतो. धमनीच्या लाइनचा तुमच्या युनिटमध्ये कुठे ठेवतात, हृदयाशी की कानाशी, हे पहिल्याच दिवशी विचारा. डोकं ३० अंश वर असताना या एका गोष्टीने सीपीपीचा आकडा सुमारे १० ने बदलू शकतो.

पायरी ३: पेशंट तळमळतोय म्हणून लगेच पंप वाढवू नका

एका रात्रीची गोष्ट सांगतो. डोक्याची शस्त्रक्रिया झालेला पेशंट पाय झाडत होता, आयसीपी २४–२५ च्या घरात. मी प्रोपोफॉल वाढवायला सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच, पुन्हा वाढवायला सांगितलं. तिसऱ्या वेळी सिस्टरांनी पंपाला हात लावायच्या आधी चादर बाजूला केली. लघवीची नळी पलंगाच्या कठड्यात दाबली गेली होती. मागचे तीन तास पिशवीत एक थेंबही उतरला नव्हता आणि तो रकाना मी वाचलाच नव्हता. नळी सोडवली, पाऊण लिटर लघवी भरभर उतरली, पेशंट निवला आणि आयसीपी १३ वर आला. गुंगी दोनदा वाढवलेली असल्यामुळे पहाटेची न्यूरो तपासणी मात्र वाया गेली, आणि त्याची हुरहुर मला अजून आहे.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी श्वास: ट्यूब चावतोय का, कफाने तुंबली आहे का, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड किती. कार्बन डायऑक्साइड चढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि दाब वाढतो, आणि सेडेशनने तो प्रश्न सुटत नाही. मग मान: डोकं सरळ आहे का, कॉलर घट्ट आहे का, ट्यूब बांधलेली पट्टी गळ्याच्या शिरांवर रुततेय का. ही पट्टी बघायला कुणाला सुचत नाही. मुद्दाम एक बोट खाली घालून बघा. मग पोट आणि मूत्राशय, वेदना, ताप, साखर, सोडियम. दारूची सवय असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची अस्वस्थता त्यामुळेही असू शकते. डोळ्यांची किंवा ओठाच्या कोपऱ्याची बारीक फडफड दिसली तर तो झटका असू शकतो, ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) मागवा. पाणी काढणारी नळी, म्हणजे ईव्हीडी, बंद राहिली आहे का तेही बघा. कूस बदलताना क्लॅम्प करतात आणि उघडायचं राहून जातं. हे सगळं ठीक असेल तर शेवटचा प्रश्न: डोक्यात काही नवीन घडतंय का? शंका असेल तर सीनियरला उठवा आणि सीटीची तयारी करा.

पायरी ४: आधी वेदना, मग झोप

वेदनेने तळमळणाऱ्याला नुसतं झोपेचं औषध दिलं तर वेदना तशीच राहते, फक्त तो ती सांगू शकत नाही. बोलता न येणाऱ्यासाठी बीपीएस किंवा सीपीओटी वापरा, पेशंटकडे बघून वेदना मोजायच्या या पट्ट्या आहेत. बीपीएसमध्ये चेहरा, हात आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं यांचे मिळून ३ ते १२ गुण होतात. ५ च्या वर गेलं की वेदना धरून चाला.

फेंटानिल हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक. त्याचं इन्फ्युजन (पंपाने सतत देणं) ताशी २५ ते १०० मायक्रोग्रॅमपासून सुरू करतात. मोठा बोलस धडकन देऊ नका: रक्तदाब पडला की मेंदूच्या वाहिन्या भरपाईसाठी फुलतात आणि आयसीपी चढू शकतो. हळू द्या, सक्शन किंवा कूस बदलण्याच्या काही मिनिटं आधी द्या. कित्येक दिवस चाललेलं फेंटानिल चरबीत साठतं आणि बंद केल्यावरही रेंगाळतं. वारंवार तपासायचं असेल तिथे रेमिफेंटानिल सोयीचं, त्याचा असर पाच-दहा मिनिटांत ओसरतो. पण त्याच पाच-दहा मिनिटांत वेदनाही परत येते, तेव्हा बंद करण्याआधी दुसरं वेदनाशामक चालू असू द्या. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, यकृत आणि वजन बघून. गुंगी न आणता वेदना कमी करणारं साधं औषध म्हणून त्याला विसरू नका.

पायरी ५: औषध निवडा

प्रोपोफॉलला इथे पहिली पसंती असते. ते मेंदूची ऑक्सिजनची मागणी उतरवतं, आयसीपी कमी करतं, झटके दाबतं आणि बंद केल्यावर लवकर उतरतं. मात्रा साधारण दर किलो दर तासाला ०.३ ते ४ मिग्रॅ. वरची हद्द पाळायचं कारण आहे प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम: जास्त मात्रा ४८ तासांपेक्षा अधिक चालली तर रक्तात आम्ल वाढणं, स्नायू विरघळणं, ट्रायग्लिसराइड चढणं, किडनी बंद पडणं आणि शेवटी हृदय मंदावणं. मेंदूच्या पेशंटला धोका जास्त, कारण आयसीपीसाठी आपण मात्रा चढवतच जातो. लॅक्टेट, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी) आणि ट्रायग्लिसराइड नियमित पाठवा. कारण नसताना आम्लता वाढली किंवा नाडी मंदावत गेली तर आधी प्रोपोफॉलवर संशय घ्या. हिरवी लघवी मात्र निरुपद्रवी असते, तिला घाबरू नका.

एक हिशोब करून बघा. ७० किलोच्या पेशंटला दर किलो ४ मिग्रॅ म्हणजे ताशी २८० मिग्रॅ. एक टक्क्याच्या प्रोपोफॉलमध्ये मिलिलीटरला १० मिग्रॅ, म्हणजे ताशी २८ मिली, दिवसाला ६७२ मिली. दर मिलीत १.१ किलोकॅलरी चरबी. नुसत्या सेडेशनमधून दिवसाला सुमारे ७४० किलोकॅलरी जातात. डाएटिशियनला हे कळलंच पाहिजे. चरबीमुळेच त्यात जंतू लवकर वाढतात, तेव्हा बाटली आणि ट्यूबिंग १२ तासांनी बदला आणि लाइन हाताळताना हात धुतलेले हवेत.

मिडाझोलाम रक्तदाब तुलनेने कमी पाडतं आणि न थांबणाऱ्या झटक्यांत फार कामाचं आहे. पण दिवसामागून दिवस चाललं की साठतं, आणि किडनी खराब असेल तर त्याचा सक्रिय अवशेषही साठतो. मग औषध बंद करून दोन दिवस झाले तरी पेशंट का उठत नाही, हा प्रश्न पडतो आणि उत्तर औषधात आहे की मेंदूत हे कुणालाच सांगता येत नाही. डेलिरियमही (भ्रमिष्टपणा) वाढतो. म्हणून ते सवयीने सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे.

डेक्समेडेटोमिडिनने येणारी गुंगी झोपेच्या जवळची असते: हाक मारली की पेशंट डोळे उघडतो, सांगितलेलं करतो आणि सोडलं की परत झोपतो, श्वासही दबत नाही. न्यूरो तपासणीला याहून सोयीचं औषध नाही. दर किलो दर तासाला ०.२ ते ०.७ मायक्रोग्रॅम, लोडिंग डोस (सुरुवातीचा मोठा डोस) टाळून. नाडी आणि दाब उतरतात, तिकडे लक्ष ठेवा. खोल गुंगी हवी असेल, आयसीपी भडकला असेल, तर हे एकटं पुरत नाही.

केटामिनने आयसीपी वाढतो ही भीती १९७०च्या दशकातल्या निरीक्षणांतून आली. व्हेंटिलेटरवरच्या, आधीच सेडेशन असलेल्या पेशंटमध्ये तशी वाढ दिसत नाही आणि रक्तदाब टिकतो. तेव्हा दाब पडलेल्या पेशंटसाठी सीनियरशी बोलून याचा विचार करा.

थायोपेंटोन म्हणजे बाकीचे सगळे उपाय थकल्यावरचं हत्यार आहे, आणि आधीपासून प्रतिबंधक म्हणून ते देत नाहीत. रक्तदाब पाडतं, संसर्ग वाढवतं, कित्येक दिवस उतरत नाही. चालू असताना पोटॅशियम खाली जातं आणि बंद केल्यावर धोकादायक उसळी घेतं, म्हणून कमी पोटॅशियम भरून काढताना हात आखडता ठेवा.

स्नायू शिथिल करणारी औषधं सेडेशन नव्हेत. पुरेशी गुंगी नसताना ती दिली तर पेशंट जागा असतो, त्याला दुखतं आणि पापणीही हलवता येत नाही. झटकेही बाहेरून दिसेनासे होतात. नाइलाजाने द्यायचीच वेळ आली तर ईईजी हवा.

पायरी ६: किती खोल?

गुंगी आणि अस्वस्थता मोजायचं रास स्केल +४ ते −५: अधिक म्हणजे अस्वस्थ, ० म्हणजे जागा आणि शांत, उणे म्हणजे गुंगी. हाक मारल्यावर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर देत राहिला तर −१, दहा सेकंदांच्या आत नजर सुटली तर −२, हाकेला हलला पण नजर दिली नाही तर −३, हलवल्या-दुखवल्यावरच हलला तर −४, काहीच नाही तर −५. मेंदूसाठी कारण नसेल तर ० ते −२ पुरे. आयसीपी भडकलेला असेल तर −४, −५.

इथे नवखे हमखास चुकतात. मेंदूला मार लागलेला पेशंट औषधाच्या एका थेंबाशिवायही −४ असू शकतो. रास औषध आणि इजा दोन्ही मिळून मोजतं. म्हणून आकड्याशेजारी पंपाची मात्रा लिहा. कालच्याच मात्रेवर काल −२ होता आणि आज −४ आहे, तर हे 'छान सेडेशन' नव्हे. हे सीटी करायचं कारण आहे. अतिखोल सेडेशनमध्ये रास उपयोगाचं राहत नाही, तिथे ईईजी बघतात. बीआयएसचा (कपाळावरच्या पट्टीने गुंगी मोजणारं यंत्र) आकडा कपाळाच्या स्नायूंनी फसतो, त्या एकट्यावर विसंबू नका.

पायरी ७: सेडेशन थांबवून तपासणी

इतर आयसीयूत रोज सकाळी सरसकट सेडेशन थांबवतात. इथे आधी विचारायचं: थांबवणं झेपेल का? आयसीपी आटोक्याबाहेर, झटके चालू, थायोपेंटोन चालू, शरीर थंड ठेवलेलं, स्नायू शिथिल केलेले, ऑक्सिजन किंवा दाब डळमळीत, यांपैकी काही असेल तर नाही.

झेपणार असेल तर दिवसा करा, न्यूरोसर्जरीचं कुणीतरी पलंगाशी असताना. प्रोपोफॉल थांबवा, फेंटानिल थोडं चालू ठेवा. पुन्हा झोपवायचा बोलस भरून, लेबल लावून तयार ठेवा. पेशंटच्या कानाशी, त्याचं नाव घेऊन सांगा: "तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात. घशात नळी आहे म्हणून आवाज येत नाहीये. घाबरू नका, मी इथेच आहे." जागा होताना सगळ्यात आधी त्याला हे कळायला हवं.

'माझा हात दाबा' म्हणू नका, म्हटलंच तर 'सोडा' हेही सांगा. तळहाताला स्पर्श झाला की मूठ मिटणं हा नुसता प्रतिक्षेप असू शकतो. 'अंगठा वर करा', 'दोन बोटं दाखवा' हे खरं पारखून देतं. डाव्या मेंदूला इजा असेल तर शब्द कळत नसतील, तेव्हा स्वतः करून दाखवा. आयसीपी थोडा वर जाईल, ते चालतं. पण २२–२५ च्या वर काही मिनिटं टिकला, सीपीपी ६० खाली गेला, ऑक्सिजन उतरला किंवा झटका आला, तर तिथेच थांबा आणि परत झोपवा. तपासणी ठीक झाली आणि सेडेशन अजून लागणार असेल, तर आधीच्या अर्ध्या मात्रेपासून सुरू करा. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

पायरी ८: बाहुल्या

खोल सेडेशनमध्ये हातात उरतात त्या बाहुल्याच. ओपिऑइड आणि प्रोपोफॉलने त्या बारीक होतात, पण उजेडाला प्रतिसाद देतात आणि दोन्ही सारख्या असतात. तासाला एकदा, खोलीतला दिवा मंद करून, चांगल्या टॉर्चने बघा. एक बाहुली मोठी झाली तर त्याचं खापर सेडेशनवर कधीही फोडू नका, लगेच कळवा. इप्राट्रोपियमचं (श्वासनळ्या उघडणारं औषध) नेब्युलायझेशन मास्कमधून डोळ्यात गेल्याने एकच बाहुली फुलू शकते, हे लक्षात असू द्या. पण हे कारण सीटी झाल्यावर मानायचं, आधी नाही.

पायरी ९: उतरवताना आणि ड्यूटी सोपवताना

आठवडाभर ओपिऑइड किंवा मिडाझोलाम चालू असेल तर एकदम तोडू नका, रोज १० ते २० टक्के कमी करत न्या. नाहीतर घाम, जलद नाडी आणि थरथर येते आणि सगळे मेंदूत कारण शोधत बसतात. उतरवताना डेक्समेडेटोमिडिनचा आधार घेता येतो. रात्री दिवे मंद, अलार्म हळू, चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर लावलेलं, घरच्यांचा ओळखीचा आवाज: डेलिरियमवर याचा उपयोग औषधापेक्षा जास्त होतो.

औषध अंगात असताना 'हा उठेल का' याचं उत्तर नातेवाइकांना देऊ नका. शरीर थंड असेल, किडनी किंवा यकृत खराब असेल तर औषध नेहमीच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त रेंगाळतं. ब्रेन डेथच्या तपासणीआधी तर औषध पूर्ण उतरल्याची खात्री लागतेच.

ड्यूटी सोपवताना पलंगाशी उभं राहून सांगा, बाहुल्या दोघांनी मिळून बघा, आणि असं लिहा: 'सेडेशन आयसीपीसाठी. प्रोपोफॉल ताशी १५ मिली, फेंटानिल ताशी ५० मायक्रोग्रॅम. रास −४. आयसीपी १६, सीपीपी ६८. बाहुल्या २ मिमी, दोन्ही प्रतिसाद देतात. शेवटची औषधाविना तपासणी काल सकाळी १०ला: हालचाल ५, उजवा हात कमजोर. आयसीपी २४ तास २० खाली राहिला तर उद्या थांबवून बघायचं.'